लिंबाच्या वासाची काडतुसं

"मॅडम, सत्तावीस वर्षं झाली मला या धंद्यात! नट संवाद विसरलेत, कॅमेरे बंद पडलेत, एकदा तर घोडा नायकासकट सेटवरून पळून गेला होता. पण माझी बंदूक ऐन वेळी बोलली नाही, असं एकदासुद्धा झालेलं नाही!"

जमादारांनी हे इतक्या जोरात सांगितलं, की शेजारी विगला कंगवा करत बसलेली बाई दचकली आणि विगचा भांग डावीकडून थेट उजवीकडे गेला.

'जमादार' हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. सैन्याशी त्यांचा संबंध एवढाच, की त्यांनी आजवर निदान अकरा सैन्यांना बंदुका पुरवल्या होत्या, आणि ती सगळी सैन्यं दुपारी एकाच रांगेत हातात ताटं घेऊन उभी राहायची. सिनेमात लागणारी जुन्या काळातली हत्यारं सांभाळायची, हा त्यांचा धंदा. अंगाने बंदुकीच्या नळीसारखे सडसडीत. मिशी मात्र दोन माणसांत वाटून घेता येईल एवढी. त्या मिशीमुळेच युनिटने त्यांना परस्पर जमादार करून टाकलं होतं.

या वेळचा सिनेमा गुंडांचा होता, पण विनोदी. ऐंशी वर्षांपूर्वीच्या दोन टोळ्या. दोन्ही इतक्या बिनडोक, की एकच तिजोरी दोन बाजूंनी फोडतात आणि मधोमध एकमेकांचेच खिसे कापतात. त्यासाठी जमादारांनी आपल्या पेटाऱ्यातून बारा बंदुका काढल्या होत्या. नऊ सहाबारी पिस्तुलं, एक दुनळी, आणि पोटाला गोल डबा लावलेल्या दोन लांब बंदुका. हत्यारं अस्सल त्या काळातली, फक्त नळ्या आतून अशा बुजवलेल्या, की धूर जाईल पण गोळी जाणार नाही. काडतुसात गोळी नाही. चिमूटभर दारू आणि वर कागदाचा बोळा. ती काडतुसं जमादार स्वतःच्या हातांनी भरायचे. चाप ओढला की ठो! आवाज, धूर आणि कागदाचे चार कपटे.

दिग्दर्शिका मॅडमनी मात्र बंदुका पाहिल्या आणि नाक मुरडलं.

"जमादार, या फार जुन्या दिसतायत हो."

"जुन्याच आहेत मॅडम! ऐंशी वर्षांच्या आहेत!"

"आज ऐंशीच्या. आपल्या सिनेमात त्या परवाच दुकानातून आणल्यायत. आपल्या गुंडांना त्या मिरवायच्या आहेत. मला लखलखीत हव्यात."

जमादारांचा आ वासला तो मिटेना. सत्तावीस वर्षं त्यांनी त्या बंदुकांचा एकेक ओरखडा, दस्त्यावरचा एकेक काळपट डाग आजोबांच्या फोटोसारखा जपला होता. आणि आता म्हणे लखलखीत! त्याहून वाईट म्हणजे, मॅडमचं म्हणणं बरोबर होतं.

"आणि शुक्रवारी सकाळी आवाज तपासायला बार काढायचा नाही," मॅडम पुढे म्हणाल्या. "नटांनी आवाज आधी ऐकला की ते दचकायचा अभिनय करतात. मला खरोखर दचकलेले हवेत."

आता प्रत्येक शूटिंगच्या सकाळी वाळूच्या पोत्यावर एक बार काढून बघायचा, हा जमादारांचा नेम. पण नुकतीच एवढी मोठी बढाई मारून झाली होती. ती गिळायची कशी?

"गरजच नाही मॅडम," जमादार म्हणाले आणि मिशीवरून हात फिरवला.

शुक्रवारचा प्रसंग म्हणजे सिनेमाचा शेवट. एका बंद पडलेल्या हॉटेलचा नाचाचा हॉल, त्यात दोन्ही टोळ्यांची धुमश्चक्री. ते हॉटेल शनिवारपासून पाडायला घेणार होते. म्हणून तर तिथलं काहीही फोडायची परवानगी मिळाली होती! भिंतभर आरसा, बावीस खिडक्यांच्या काचा आणि छताला टांगलेलं एक अगडबंब झुंबर. या सगळ्यांत बारीक बारीक स्फोटकं पेरून ठेवायचं काम होतं 'ठिणगी' नावाच्या गृहस्थाकडे. हे गृहस्थ बटणांची एक फळी मांडीवर घेऊन बसायचे आणि गोळी लागल्यासारखी काच फोडायचे.

"जमादार, लक्षात ठेवा," ठिणगीने बजावलं होतं, "मी आकडे मोजून बटणं दाबणार. एकदा सुरुवात झाली की थांबवता येत नाही. आरसा एकच आहे."

"तू तुझी बटणं सांभाळ," जमादार म्हणाले.

तर अशा थाटात जमादार गुरुवारी दुपारी घरी आले आणि घराच्या मागच्या बाजूला असलेल्या हत्यारांच्या खोलीत जाऊन बसले. बारा बंदुका, शंभरावर काडतुसं. आणि पिस्तुलांचे चामडी पट्टे अजून शिवणाऱ्याकडेच! तो पाच वाजता दुकान बंद करणार. एक पिस्तूल घासून होईपर्यंत तीन वाजले. जमादारांना घाम फुटला.

दारात बायको येऊन उभी राहिली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. माणसाच्या डोळ्यांत बघून त्याला काय दिसत नाही ते ओळखायची तिला सवय.

"अहो, आईला सांगा ना."

"आईंना? बंदुका?"

"तिच्या हाताला काम हवंय. दिसत नाही का तुम्हाला?"

दिसत होतं. सासूबाईंना त्यांच्याकडे राहायला येऊन तीन महिने झाले होते. छत्तीस वर्षं त्या मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रियेच्या विभागाच्या मुख्य सिस्टर होत्या. भलेभले सर्जन त्यांच्यासमोर चळाचळा कापायचे! निवृत्त होऊन लेकीकडे आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, औषधं तारखेप्रमाणे लावली आणि जमादारांचे सात जोड मोजे 'हे वाचण्यातले नाहीत' म्हणून टाकून दिले. त्याच दिवशी जमादारांनी हत्यारांच्या खोलीला दुसरं कुलूप घातलं. मग आवरण्यासारखं काही उरलं नाही आणि सासूबाई खिडकीशी बसायला लागल्या. एकदा त्या फोनवर मैत्रिणीला सांगत होत्या, "सगळं छान आहे गं इथे. फक्त माझी कुणाला गरज नाही." ते जमादारांच्या कानावर पडलं होतं.

"आई," त्यांनी हाक मारली, "जरा मदत कराल का?"

सासूबाई इतक्या झटकन उठल्या, की खुर्चीच मागे सरकली. त्यांनी चष्मा लावला, पदर खोचला आणि टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"एक उघडून दाखवा. एकदाच. पुन्हा विचारणार नाही."

जमादारांनी एक पिस्तूल खोलून, पुसून, जोडून दाखवलं. सासूबाईंनी मान हलवली.

"कळलं. इस्पितळातल्या चिमट्यांपेक्षा सोपं आहे. तुम्ही जा, जावईबापू."

बायकोला खोलीत बसवून जमादार पट्टे आणायला धावले. शिवणाऱ्याने नेहमीप्रमाणे 'झालंच आहे' म्हणून त्यांना स्टुलावर बसवलं आणि पाचला दुकानाचं दार ओढून मग शिवायला घेतलं. घरी परत यायला चांगले साडेचार तास लागले.

खोलीत पाऊल टाकलं आणि ते जागच्या जागी थिजले. टेबलावर पांढरीशुभ्र चादर. चादरीवर बारा बंदुका, उंचीप्रमाणे, सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. नळ्या अशा झळकत होत्या, की जमादारांना त्यांत मिशीचे पांढरे केस मोजता आले! आणि शेजारच्या तबकात काडतुसं, सोन्याच्या दाण्यांसारखी लखलखणारी, दहा-दहाच्या रांगांत.

"काडतुसंसुद्धा केलीत?"

"मळकट होती हो फार. हातात धरवेनात," सासूबाई म्हणाल्या. "आता बघा. जखमेत घातली तरी चालतील."

"वा आई! कमाल केलीत!"

काडतुसं कोरड्या फडक्याने पुसली असणार, असं जमादारांनी गृहीत धरलं. 'कशी केलीत?' एवढे दोनच शब्द विचारायचे होते. पण तीन महिन्यांत पहिल्यांदा सासूबाई त्यांच्याकडे बघून हसल्या होत्या, आणि हसणाऱ्या सासूची उलटतपासणी घेणारा जावई अजून जन्माला यायचाय.

शुक्रवारी सकाळी हॉलमध्ये पेटारा उघडला आणि भोवती ही गर्दी! कॅमेरावाला म्हणाला, "जमादार, यांच्यावर दिवा टाकला तर माझेच डोळे दिपतील." मॅडम तर एक पिस्तूल उलटसुलट करून बघतच राहिल्या.

"कोणाकडून करून घेतलंत हे?"

सासूबाईंचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर सगळं युनिट उभं, ठिणगीही कान टवकारून ऐकतोय...

"कोणाकडून कशाला? मीच! हाताला फोड आले मॅडम!"

आणि त्यांनी हात लगेच खिशात घातले.

एका टोळीच्या म्होरक्याचं काम थोरले करत होते. थोरले म्हणजे पासष्टीचे, पिंपाएवढ्या घेराचे, रंगभूमीवर चाळीस वर्षं काढलेले नट. त्यांनी डब्याची बंदूक हातात घेतली, तोलून बघितली आणि नाकाशी नेली.

"जमादार, हिला लिंबाचा वास येतोय."

"नवीन तेल आहे साहेब. खास मागवलंय."

"काडतुसांनाही येतोय."

"तेच तेल!"

"छान आहे. भूक लागते," थोरले म्हणाले आणि आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले.

काडतुसांना तेल कशाला लावतील, हा प्रश्न त्या क्षणी जमादारांच्या मनात डोकावला. पण तेवढ्यात मॅडमनी हात वर केला.

"सगळे तयार? दुसरी संधी नाही. आरसा एक, झुंबर एक. मी 'कट' म्हणेपर्यंत आभाळ कोसळलं तरी थांबायचं नाही. ॲक्शन!"

दारं धाडकन उघडली. दोन्ही टोळ्या समोरासमोर आल्या. थोरल्यांनी टोपी मागे सारली, बंदूक पोटाशी टेकवली आणि आरोळी ठोकली, "आजपासून हे शहर माझं!"

आणि चाप ओढला.

टिक.

हॉलमध्ये इतकी शांतता पसरली, की ठिणगीचं पुटपुटणं ऐकू आलं, "तीन... चार..." आणि त्याने बटण दाबलं.

खळ्ळकन् भिंतभर आरसा खाली आला!

थोरल्यांनी बंदुकीकडे पाहिलं. आरशाकडे पाहिलं. समोरच्या टोळीच्या म्होरक्याने पिस्तूल उगारून चाप ओढला. फुस्स! त्याच्या मागची खिडकी फुटली. बंदूक इकडे रोखलेली आणि काच पाठीमागे फुटलेली! त्याने दचकून मागे वळून पाहिलं. असा दचकला, की मॅडमना हवा होता त्याच्या दुप्पट!

एका खांबाआड उभ्या जमादारांच्या पायांखालची जमीन केव्हाच सरकली होती. 'थांबा!' म्हणून ओरडावं, तर 'कट' म्हणायचा हक्क फक्त मॅडमचा. सत्तावीस वर्षांची अब्रू, आणि तिचा आवाज काय? टिक, फुस्स, टिक!

पण थोरले होते मुरलेले. पडदा पडेपर्यंत रंगभूमी सोडायची नाही, हे त्यांच्या हाडांत भिनलेलं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, बंदूक पुन्हा रोखली आणि तोंडाने म्हणाले,

"ठो!"

नेमकं त्याच वेळी ठिणगीने झुंबराचं बटण दाबलं. अगडबंब झुंबर धाडकन खाली! थोरल्यांचा स्वतःच्या तोंडावर विश्वास बसेना.

"ठो!" दुसरा म्होरक्या ओरडला. खिडकी फुटली.

"ठो ठो ठो ठो!" थोरल्यांनी खिडक्यांची अख्खी रांग उडवली.

मग काय! बाराच्या बारा गुंड तोंडाने गोळ्या झाडू लागले. कुणी ढिश्क्यांव, कुणी धाडधाड, कुणी नुसतंच खाकरलं. एक लाजाळू गुंड होता, त्याला अख्ख्या सिनेमात एकही संवाद नव्हता. तो टेबलाआडून हळूच डोकं काढून म्हणाला, "धडाम," आणि कुणी रागावलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघायला लागला.

"तू मेलास!" थोरले दुसऱ्या म्होरक्याला म्हणाले.

"नाही मेलो! मला लागलीच नाही!"

"लागली! मी ठो म्हणालो तेव्हा तू उभा होतास!"

"मी आधी म्हणालो होतो!"

"बरं, मग दोघंही मरू."

"आधी तू."

थोरल्यांनी वैतागून डब्याच्या बंदुकीचा चाप शेवटचा ओढला. आत कुठेतरी एक क्षीण 'पुक' झालं. नळीच्या तोंडाशी पांढरा फेस आला. तो फुगला, थरथरला, आणि त्यातून एक गोल, गरगरीत, सप्तरंगी बुडबुडा बाहेर पडला! तो तरंगत तरंगत फुटलेल्या काचांवरून, पडलेल्या झुंबरावरून गेला आणि दुसऱ्या म्होरक्याच्या नाकावर जाऊन फुटला.

म्होरक्याने नाकाला हात लावला. बोट चाटलं.

"लिंबू," तो म्हणाला, आणि धाडकन आडवा होऊन मेला.

"कट!"

'कट' म्हणाल्या त्या मॅडमच. पण आवाज उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा आला. जमादारांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. आधी धंदा. त्यांनी खाली मान घालून बाराही बंदुका गोळा केल्या, एकेक उघडून काडतुसं वाळूच्या बादलीत ओतली. प्रत्येक काडतुसातून थेंब थेंब पाणी गळत होतं. स्वच्छ, साबणाचं, लिंबाच्या वासाचं पाणी. जमादारांना सगळं कळलं.

मागून मॅडम आल्या. डोळे पुसत होत्या. रडल्यात, असं जमादारांना वाटलं.

"जमादार, खरं सांगा. हे कोणी केलं?"

"मॅडम, मी..."

"तो बुडबुडा! मी तीस वर्षं विनोद विनोद म्हणून डोकं फोडतेय, आणि तुम्ही बंदुकीतून बुडबुडा काढलात? आणि आधी सांगितलंही नाहीत! कारण सांगितलं असतंत तर कोणी खरोखर दचकलं नसतं. कसले पक्के आहात हो तुम्ही!"

जमादारांनी मान वर केली. सगळं युनिट त्यांच्याकडे बघत होतं. आवाज टिपणारा हसून हसून जमिनीवर बसला होता. ठिणगी टाळ्या वाजवत होता. थोरल्यांनी येऊन त्यांना पोटाशी धरलं. जमादारांची छाती आपोआप फुगायला लागली, मिशीकडे हात गेला...

"सोमवारपासून बाकीचे सगळे प्रसंग पुन्हा घेते," मॅडम म्हणाल्या. "या सिनेमात एकही बंदूक वाजणार नाही! प्रत्येकीतून बुडबुडा! मोठे, छोटे, जोडबुडबुडे! कसे काढलेत ते जरा समजावून सांगा."

मिशीवरचा हात तिथेच थांबला.

आता जमादारांनी जे केलं ते सचोटीपायी केलं, असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण खरं कारण एवढंच, की साबण कुठला आणि काडतुसं भिजवली किती वेळ, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"मॅडम, हे सासूबाईंनी केलं," ते म्हणाले. "बंदुकाही त्यांनीच घासल्या. फोडबीड काही नाहीत माझ्या हाताला."

आणि त्यांनी दोन्ही हात पुढे करून सगळ्यांना दाखवले.

दुपारी जमादार घरी पोचले तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या. आज केस नीट विंचरलेले, धुतलेली साडी. मागे बायको.

"वाजल्या का सगळ्या?" सासूबाईंनी विचारलं.

येताना वाटेत जमादारांनी बरंच काही जुळवून ठेवलं होतं. पण त्या चेहऱ्याकडे बघून ते सगळं विसरले.

"नाही आई. एकही नाही वाजली."

सासूबाईंचा चेहरा पडला. त्यांना समजवावं लागलं नाही.

"पाणी," त्या हळूच म्हणाल्या. "मी गरम पाण्यात भिजत घातली होती. आत दारू आहे, हे मला सुचायला हवं होतं. छत्तीस वर्षांत असं कधी... तुमचं काम गेलं का हो जावईबापू?"

"काम वाढलं," जमादार म्हणाले, आणि उंबऱ्यातच त्यांनी सगळं सांगितलं. टिक, फुस्स, ठो, धडाम, तो बुडबुडा, नाकावरचं लिंबू. बायको भिंतीला धरून हसत होती. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या एकेक शब्द रुग्णाची तक्रार ऐकावी तशा ऐकत होत्या.

"एकाच बंदुकीतून आला बुडबुडा?" त्यांनी विचारलं.

"हो. एकाच."

"म्हणजे बाकीच्यांत फेस कमी पडला. पाणी जास्त झालं असणार." त्यांनी पदर खोचला. "किती हव्यात?"

"दोनशे. सोमवारी सकाळपर्यंत. मॅडम म्हणाल्या, तुम्हालाही सेटवर घेऊन या. तुमची खुर्ची त्यांच्या शेजारी असेल."

सासूबाई मागच्या खोलीकडे चालू लागल्या. खोलीची दोन्ही कुलपं जमादारांनी धावत जाऊन उघडली. मग वही काढली, पेन काढलं, टेबलाशी स्टूल ओढून बसले आणि एखाद्या नव्या विद्यार्थ्यासारखं अदबीने विचारलं,

"हं, सांगा आई. पाणी कोमट की कडकडीत?"

सासूबाईंनी चष्म्याच्या वरून त्यांच्याकडे पाहिलं. वहीकडे पाहिलं. पेन धरलेल्या बोटांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"आधी हात धुऊन या जावईबापू," त्या म्हणाल्या. "कोपरापर्यंत."

जमादार उठले आणि हात धुवायला गेले. परत आल्यावर त्यांना पुन्हा एकदा पाठवण्यात आलं.